व्हॉल्व्हच्या भिंती आणि मैदानभर आवाज

पंधरा ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये ‘बीटल्स’चे गाणे ऐकण्यासाठी ५५,६०० प्रेक्षक जमले होते. गाणे मात्र फारच थोड्यांना ऐकू आले. बरोबर चार वर्षांनी, १५ ऑगस्ट १९६९ रोजी, त्याच राज्यातील बेथेल गावानजीकच्या एका गोठ्याच्या माळरानावर वुडस्टॉक महोत्सव सुरू झाला. तेथे चार लाखांहून अधिक लोक जमले आणि पाऊस, चिखल व गोंधळ असूनही व्यासपीठावरचा आवाज टेकडीच्या माथ्यापर्यंत पोचला. या चार वर्षांत माणसाचा गळा किंवा गिटारची तार बदलली नव्हती. बदलली होती ती आवाज वाढविणारी यंत्रणा. एकाच ॲम्प्लिफायरवर विसंबण्याऐवजी मोठ्या शक्तीचे अनेक व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर एकत्र लावायचे आणि त्यांच्यावर माणसाच्या उंचीचे लाउडस्पीकर चालवायचे, ही पद्धत या काळात रूढ झाली. तिचे शास्त्र, तिचा इतिहास आणि तिची किंमत यांचा हा आढावा.

व्हॉल्व्ह म्हणजे काय?

ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीचे घरातील मोठे रेडिओ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना व्हॉल्व्हची ओळख करून द्यायला नको. रेडिओ लावला की आतील काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस उजळत आणि मग कुठे आवाज येई. या नळीतील हवा काढून टाकलेली असते. आतील तापतंतूमुळे ऋणाग्र तापते आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते धनाग्राकडे ओढले जातात. या दोहोंच्या मध्ये तारेची बारीक जाळी असते. माइककडून किंवा गिटारकडून आलेला क्षीण विद्युत्‌संकेत या जाळीला दिला, की इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्या संकेताबरहुकूम कमी-जास्त होतो. लहानशा चावीने पाण्याचा मोठा नळ कमी-जास्त करावा, तसाच हा प्रकार आहे.

अमेरिकन संशोधक ली द फॉरेस्ट यांनी अशा त्रिअग्री नळीचे पहिले रूप १९०६ मध्ये तयार केले. १९१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सान डिएगो येथील स्टेडियममध्ये सुमारे पन्नास हजार लोकांसमोर भाषण केले, तेव्हा विद्युत ध्वनिवर्धनाचा आधार घेण्यात आला होता. म्हणजेच मोठ्या समुदायापर्यंत आवाज पोचविण्याचे काम व्हॉल्व्ह फार पूर्वीपासून करीत होता. भाषणाला मात्र थोडी शक्ती पुरते. श्रोते शांत असतात आणि शब्द कळला की काम भागते. किंचाळणाऱ्या तरुणाईसमोर ड्रम, बेस आणि गिटारसह संगीत सादर करायचे, तर गणित पार बदलते.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची आणखी एक विशेषता ध्यानात घ्यावी लागते. व्हॉल्व्ह उच्च दाबावर चालतो आणि त्यातून थोडाच प्रवाह वाहतो. १०० वॉटच्या ॲम्प्लिफायरमध्ये धनाग्रावर सुमारे ४५० ते ५०० व्होल्टचा दाब असतो. लाउडस्पीकरला याच्या उलट हवे असते, म्हणजे कमी दाब आणि जास्त प्रवाह. हा मेळ घालण्यासाठी दोहोंच्या मध्ये लोखंडी गाभ्याचा जड ‘आउटपुट ट्रान्सफॉर्मर’ बसवावा लागतो. मोठ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचे वजन प्रामुख्याने या आणि वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरचे असते.

वॉटचा कंजूष हिशेब

ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली की आवाज दुप्पट होईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. शक्ती दुप्पट केली, तर ही पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. आवाज साधारणपणे दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी १० डेसिबलची वाढ लागते. त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. दुसरीकडे, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घसरते.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एखादा चांगला, मोठा लाउडस्पीकर १ वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर १०० डेसिबल आवाज देतो असे धरू. शंभर मीटर दूर बसलेल्या श्रोत्यापर्यंत पोचताना त्यातील ४० डेसिबल घटतात आणि उरतात ६० डेसिबल, म्हणजे दोन माणसांच्या संभाषणाइतका आवाज. त्या श्रोत्याला संगीत ९० डेसिबलवर ऐकवायचे असेल, तर ३० डेसिबलची भर घालावी लागेल. ३० डेसिबल म्हणजे एक हजार पट शक्ती. एका वॉटच्या जागी हजार वॉट!

साठीच्या दशकात बाजारात सहज मिळणारा मोठा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर १०० वॉटच्या आसपासचा असे. हजार वॉटचा एकच ॲम्प्लिफायर बांधणे तत्त्वतः शक्य होते, कारण रेडिओ प्रक्षेपण केंद्रांतील व्हॉल्व्ह त्याहून कितीतरी शक्तिशाली होते. पण तो ट्रकमध्ये चढवून आज या गावी, उद्या त्या गावी नेणे व्यवहार्य नव्हते. शिवाय तो एक बंद पडला की सारा कार्यक्रम बंद. दहा ॲम्प्लिफायर असतील, तर एक बिघडल्याने शक्ती एक दशांशाने घटते आणि ही घट अर्ध्या डेसिबलहून कमी असल्याने श्रोत्यांच्या लक्षातही येत नाही. अनेक ॲम्प्लिफायर लावण्यामागचे हे पहिले आणि सर्वांत मोठे कारण होय.

दुसरे कारण लाउडस्पीकरशी निगडित आहे. लाउडस्पीकर अत्यंत उधळे यंत्र आहे. घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेपैकी सुमारे एक टक्काच ध्वनीत रूपांतरित होते, बाकीची उष्णता होऊन जाते. मोठे पडदे, मोठ्या पेट्या आणि तोंडाशी रुंद होत जाणारे कर्णे वापरले की हे प्रमाण बरेच सुधारते. शिवाय सारख्याच पेट्या एकमेकींना खेटून ठेवल्या आणि त्यांना एकच संकेत दिला, तर खर्जाच्या पट्टीत त्या एखाद्या मोठ्या पेटीसारख्या वागतात. पेट्या आणि शक्ती दोन्ही दुप्पट केल्यास तेथे ६ डेसिबलपर्यंत लाभ होतो. रॉक संगीताच्या व्यासपीठावर पेट्यांच्या भिंती दिसू लागल्या, त्यात दिखाऊपणा होताच; पण त्यामागे हा हिशेबही होता.

लंडनच्या दुकानातून

या भिंतीची वीट म्हणता येईल अशी पेटी लंडनच्या हॅनवेल भागात तयार झाली. ड्रमवादक आणि संगीतशिक्षक असलेले जिम मार्शल यांनी तेथे १९६० मध्ये वाद्यांचे दुकान काढले. दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवादकांना अमेरिकन ॲम्प्लिफायर महाग पडत. मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ ॲम्प्लिफायरच्या धर्तीवर १९६२ मध्ये स्वतःचा ॲम्प्लिफायर बनविला.

‘द हू’ या वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड आणि जॉन एंटविसल यांना त्याहून मोठा आवाज हवा होता. त्यांच्या आग्रहातून १९६५ मध्ये १०० वॉटचा मार्शल साकारला. टाउनशेंड यांना तर एकाच पेटीत १२ इंची आठ स्पीकर हवे होते. तशी पेटी बनविण्यातही आली. पण ती वाहून नेणाऱ्या कामगारांचे कंबरडे मोडू लागले. अखेर तीच पेटी मधोमध विभागून प्रत्येकी चार स्पीकरच्या दोन पेट्या करण्यात आल्या. त्या एकावर एक ठेवायच्या आणि माथ्यावर ॲम्प्लिफायर ठेवायचा, अशी ती रचना होती. ‘मार्शल स्टॅक’ या नावाने जगभर ओळखली जाणारी रचना हीच.

या रचनेत चार ईएल-३४ व्हॉल्व्ह १०० वॉट देतात. निव्वळ त्यांचे तापतंतू तापविण्यासाठीच सुमारे ३८ वॉट खर्ची पडतात. संगीत वाजो वा न वाजो, हा खर्च चालूच राहतो. असे तीन-चार स्टॅक व्यासपीठावर असले, की मागच्या बाजूला उभे राहणाऱ्याला शेगडीजवळ उभे राहिल्यासारखे वाटे.

आवाज वाढवीत नेताना एक अनपेक्षित गोष्टही हाती लागली. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे रेटला की ध्वनिलहरीचे माथे एकदम छाटले न जाता काहीसे गोलाईने दबतात आणि स्वरात नवे उपस्वर मिसळतात. गिटारचा स्वर त्यामुळे भरीव आणि लांबणारा होतो. अभियंत्यांच्या लेखी हा दोष होता. जिमी हेंड्रिक्ससारख्या वादकांनी त्यालाच वाद्याचा भाग बनविले. गिटारसाठी व्हॉल्व्ह आजही टिकून आहे, तो प्रामुख्याने या गुणामुळे.

बेस गिटारची गरज वेगळी होती. खर्जाचे स्वर स्वच्छ राखायचे तर शक्तीचा मोठा साठा लागतो. अमेरिकेच्या अँपेग कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॉटचा ‘एसव्हीटी’ हा १४ व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणला. त्याच्या प्रायोगिक प्रती ‘रोलिंग स्टोन्स’ने त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात वापरल्या. एसव्हीटीसोबतच्या पेटीत १० इंची आठ स्पीकर असत आणि सुरुवातीला एका ॲम्प्लिफायरला अशा दोन पेट्या जोडण्याची पद्धत होती.

शिया स्टेडियमचा धडा

वादकाच्या मागे असलेला ॲम्प्लिफायर आणि श्रोत्यांसाठीची ध्वनियंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाद्याचा आवाज घडविते, तर दुसरी गळ्यासह सर्वांचा आवाज समुदायापर्यंत पोचविते. १९६५ मध्ये हा भेद स्पष्ट झालेला नव्हता.

‘बीटल्स’चे वाद्य ॲम्प्लिफायर ब्रिटनच्या व्हॉक्स कंपनीचे होते. श्रोत्यांचा आरडाओरडा जसा वाढत गेला, तसे ते ३० वॉटवरून ५० वॉटवर आणि पुढे १०० वॉटवर गेले. शिया स्टेडियमसाठी त्यांच्याजवळ १०० वॉटचे व्हॉक्स होते. गाण्यासाठी मैदानाच्या कडेला उभे केलेले स्तंभाकार स्पीकर आणि स्टेडियममधील घोषणांची यंत्रणा यांवर भिस्त होती. ज्या यंत्रणेवरून बेसबॉलपटूंची नावे पुकारली जात, तिच्यावर सर्वाधिक लोकप्रिय गायकांचे सूर सोपविण्यात आले. व्यासपीठावर वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा यासाठीचे ‘मॉनिटर’ स्पीकर तेव्हा प्रचलित नव्हते. परिणामी वादकांनाही आपण काय वाजवीत आहोत ते धड कळत नव्हते. या कार्यक्रमाच्या चित्रपटासाठी पुढे जानेवारी १९६६ मध्ये लंडनच्या स्टुडिओत काही भागांचे ध्वनिमुद्रण पुन्हा करावे लागले. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रमानंतर ‘बीटल्स’ने दौरे थांबविले. त्यामागे अनेक कारणे होती. आपलेच संगीत ऐकू न येणे हे त्यांपैकी एक.

वुडस्टॉकची टेकडी

वुडस्टॉकच्या ध्वनियंत्रणेची जबाबदारी मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील बिल हॅन्ले यांच्यावर होती. मॅक्स यासगर यांच्या दुग्धशाळेची जमीन परातीसारखी खोलगट होती. तळाशी व्यासपीठ आणि समोर चढत जाणारी हिरवी उतरण, अशी ही जागा ध्वनीच्या दृष्टीने नैसर्गिक प्रेक्षागृहच होती. हॅन्ले यांनी व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ७० फुटी मनोरे उभारून त्यांवर लाउडस्पीकरचे संच चढविले. खास बांधून घेतलेल्या जलरोधक प्लायवूडच्या पेट्या सहा फूट उंच आणि प्रत्येकी सुमारे अर्धा टन वजनाच्या होत्या. प्रत्येकीत १५ इंची चार जेबीएल स्पीकर होते आणि वरच्या पट्टीच्या स्वरांसाठी अल्टेक कंपनीचे कर्णे होते.

या पेट्या चालविण्यासाठी मॅकिंटॉश कंपनीचे ‘एमसी-३५००’ हे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर वापरले गेले. १९६८ मध्ये बाजारात आलेला हा ॲम्प्लिफायर एका वाहिनीवर ३५० वॉट देई. त्यातील आठ शक्तिदायी व्हॉल्व्ह मुळात रंगीत दूरचित्रवाणी संचातील चित्ररेषा ओढण्याच्या कामासाठी बनविलेल्या जातीचे होते. एकेका ॲम्प्लिफायरचे वजन ५५ किलोंहून अधिक होते. असे अनेक ॲम्प्लिफायर एका रांगेत लावून प्रत्येकाकडे ठरावीक पेट्या सोपविण्यात आल्या.

यंत्रणेची आखणी दीड ते दोन लाख श्रोत्यांसाठी होती. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक लोक आले. वर दिलेला हिशेब येथे दिलासा देणारा ठरला. श्रोत्यांची संख्या दुप्पट झाली म्हणून शक्ती दुप्पट लागत नाही. लागते ती सर्वांत दूरच्या श्रोत्याच्या अंतरानुसार. आणि स्पीकर उंचावरून उतरणीकडे रोखलेले असल्यामुळे पुढच्या गर्दीत आवाज शोषला न जाता मागेपर्यंत जात होता.

पहिल्याच रात्री भर पावसात पंडित रविशंकर यांचे सतारवादन झाले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तानपुऱ्यावर माया कुलकर्णी यांची साथ होती. सतारीमागे ॲम्प्लिफायरची भिंत नव्हती. माइकने टिपलेले नाजूक स्वर आणि तबल्याचे बोल जसेच्या तसे टेकडीवर पोचविणे, ही त्या यंत्रणेची खरी कसोटी होती. याउलट सोमवारी सकाळी, गर्दी बरीच ओसरल्यावर, हेंड्रिक्स मार्शल स्टॅकसह व्यासपीठावर आले. एकाच यंत्रणेने या दोन्ही टोकांचे संगीत वाहून नेले.

पण वुडस्टॉकच्या ध्वनियंत्रणेचे सर्वांत मोलाचे काम संगीतापलीकडचे होते. रस्ते वाहनांनी तुंबले होते, अन्न-पाणी अपुरे होते आणि कुंपण केव्हाच कोसळले होते. अशा स्थितीत जमावाशी बोलण्याचे मुख्य साधन व्यासपीठावरचा माइक हेच होते. चिप मॉन्क आणि जॉन मॉरिस हे तेथून सूचना देत होते. मनोऱ्यांवर चढू नका, वैद्यकीय मदत कोठे मिळेल, कोणते अमली पदार्थ घेऊ नका, हरवलेल्यांचे निरोप काय आहेत, हे सारे याच स्पीकरमधून सांगितले गेले. रविवारी, १७ ऑगस्टला, जो कॉकर यांच्या कार्यक्रमानंतर वादळ आले आणि लोक मनोऱ्यांवर असताना वारा सुटला, तेव्हा त्यांना खाली उतरण्याचे आवाहनही माइकवरूनच करण्यात आले. चार लाख लोकांच्या जमावात शब्द कळणे ही चैनीची बाब नव्हती. ती सुरक्षिततेची गरज होती. शिया स्टेडियमसारखी यंत्रणा येथे असती, तर काय झाले असते याची कल्पना करता येते.

अनेक ॲम्प्लिफायर जोडण्याचे नियम

अनेक व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर एकत्र चालविताना काही पथ्ये पाळावी लागतात. गिटारवादक आणि घरी जुन्या व्हॉल्व्ह यंत्रणा बाळगणारे हौशी श्रोते आजही ती पाळतात.

पहिला नियम असा, की ॲम्प्लिफायरचे आउटपुट एकमेकांना जोडायचे नाहीत, तर त्यांच्याकडे येणारा संकेत वाटून द्यायचा. एकच संकेत सर्वांना मिळतो आणि प्रत्येक ॲम्प्लिफायर आपापल्या पेट्या चालवितो. उत्पादकाने तशी सोय केलेली नसताना दोन ॲम्प्लिफायरच्या आउटपुटच्या तारा एकत्र केल्यास ते एकमेकांविरुद्ध काम करू लागतात.

दुसरा नियम इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकरकडून विद्युत्प्रवाहाला होणाऱ्या अवरोधाचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला साधारणपणे ४, ८ आणि १६ ओहमची टोके असतात. १६ ओहमचे चार स्पीकर दोन-दोन एकापुढे एक आणि मग त्या जोड्या समांतर जोडल्या, तर पेटीचा एकूण अवरोध पुन्हा १६ ओहमच होतो. अशा दोन पेट्या समांतर लावल्या की ८ ओहम होतात. तेव्हा ॲम्प्लिफायरवर ८ ओहमचे टोक निवडले पाहिजे.

तिसरा नियम सर्वांत कडक आहे. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कधीही जोरात वाजवायचा नाही. भार नसताना ट्रान्सफॉर्मरमध्ये अतिउच्च दाब निर्माण होऊन तो किंवा व्हॉल्व्ह जळू शकतो. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरची सवय असलेल्यांची येथे हमखास फसगत होते, कारण त्याला मोकळ्या टोकांपेक्षा शॉर्टसर्किटचे भय अधिक असते.

चौथी बाब धन-ऋण टोकांची. शेजारशेजारच्या दोन पेट्यांपैकी एकीचा पडदा पुढे येत असताना दुसरीचा मागे जात असेल, तर खर्जाचा आवाज वाढण्याऐवजी नाहीसा होतो. वॉट दुप्पट आणि आवाज निम्मा, असा अनुभव येतो तो बहुधा एका उलट्या जोडलेल्या तारेमुळे.

पाचवी बाब गुणगुणीची. अनेक ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ केले की त्यांच्यात वर्तुळ तयार होऊन विजेची अखंड घरघर ऐकू येते. सर्व यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज आणि अर्थिंग देणे किंवा संकेताच्या मार्गात विलगक ट्रान्सफॉर्मर बसविणे हा त्यावरचा योग्य उपाय होय. घरघर थांबविण्यासाठी प्लगची अर्थिंगची तार काढून टाकणे हा जीवघेणा प्रकार आहे. ॲम्प्लिफायर बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब साठून राहू शकतो. त्यामुळे पेटी उघडण्याचे काम जाणकारावरच सोपवावे.

व्हॉल्व्हकडून ट्रान्झिस्टरकडे

मोठ्या समुदायाच्या ध्वनियंत्रणेतील व्हॉल्व्हचे राज्य वुडस्टॉकनंतर फार काळ टिकले नाही. सुरुवातीचे शक्तिशाली ट्रान्झिस्टर नाजूक होते आणि किरकोळ शॉर्टसर्किटनेही ते जळत. १९६७ मध्ये क्राउन कंपनीचा ‘डीसी-३००’ आला आणि ट्रान्झिस्टरवरही विसंबता येते, हे हळूहळू सिद्ध झाले. त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नसे. तितक्याच वजनात कितीतरी अधिक वॉट मिळू लागले.

‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने १९७४ मध्ये उभारलेली ‘वॉल ऑफ साउंड’ हा या वाटेवरचा परमोच्च बिंदू ठरला. मॅकिंटॉशच्याच ‘एमसी-२३००’ या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरची रांग, सुमारे सहाशे स्पीकर आणि २५,००० वॉटहून अधिक शक्ती असा तिचा पसारा होता. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणि स्वतंत्र पेट्या दिल्यामुळे एका वाद्याचा आवाज दुसऱ्यात मिसळून गढूळ होत नसे. ही भिंत वादकांच्या मागेच उभी असल्याने श्रोते ऐकत तेच वादकही ऐकत. तिच्या स्वच्छ आवाजाची ख्याती आजही आहे. पण तिचे वजन सुमारे ७५ टन होते. तिची वाहतूक आणि उभारणी यांचा खर्च न पेलल्याने त्याच वर्षाच्या ऑक्टोबरनंतर ती मोडण्यात आली.

पुढचा मार्ग निव्वळ वॉट वाढविण्याचा नव्हता. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या एल-अकुस्टिक्स कंपनीने उभ्या ओळीत टांगलेल्या पेट्यांची ‘लाइन ॲरे’ पद्धत प्रचारात आणली. अशी ओळ आवाज वर आणि खाली उधळण्याऐवजी श्रोत्यांच्या दिशेने रोखते. त्यामुळे काही मर्यादेपर्यंत अंतर दुप्पट झाल्यावर सहाऐवजी सुमारे तीनच डेसिबल घटतात. मैदानाच्या मध्यावर आणखी मनोरे उभारून त्यांचा आवाज किंचित उशिराने सोडण्याची सोयही झाली. ध्वनीला शंभर मीटर जायला सुमारे ०.३ सेकंद लागतो. तेवढाच विलंब दिला, की दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी कानी पडतो. हजारपट शक्तीने जे साधायचे, ते योग्य जागी ठेवलेल्या स्पीकरने थोडक्यात साधू लागले.

कानांनी मोजलेली किंमत

मोठ्या आवाजाच्या स्पर्धेची किंमत यंत्रांनी नव्हे, तर कानांनी मोजली. १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमधील ‘डीप पर्पल’च्या कार्यक्रमाची ११७ डेसिबल अशी नोंद गिनेस बुकात झाली. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधील चार्लटन येथील मैदानावर ‘द हू’च्या कार्यक्रमात स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजले गेले. पुढे श्रवणहानीला प्रोत्साहन मिळू नये म्हणून गिनेसने हा विक्रमाचा प्रकारच बंद केला. ज्यांच्या हट्टापायी आठ स्पीकरची पेटी जन्माला आली, त्या टाउनशेंड यांनी पुढे आपले श्रवण बिघडल्याचे आणि कानांत अखंड नाद घुमत असल्याचे जाहीरपणे सांगितले. १९८९ च्या दौऱ्यात त्यांनी बव्हंशी अकुस्टिक गिटार वाजविली.

श्रवणहानीचा हिशेबही डेसिबलच्याच नियमाने चालतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत सहन करता येतो. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ डेसिबलला चार तास, ९१ डेसिबलला दोन तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याने श्रोत्याला जेमतेम जाणवेल एवढाच फरक पडतो. त्याच्या कानाची सुरक्षित मुदत मात्र अर्ध्यावर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. त्यात १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली आहे.

आजचे चित्र

आज मैदानांवरील ध्वनियंत्रणेत व्हॉल्व्ह जवळपास दिसत नाही. हजारो वॉटचे डिजिटल ॲम्प्लिफायर आता एका माणसाला उचलता येतात. गिटारवादकांमध्ये आणि घरी संगीत ऐकणाऱ्या काही शौकिनांमध्ये मात्र व्हॉल्व्हची मागणी टिकून आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतील बहुतेक जुने व्हॉल्व्ह कारखाने बंद पडल्याने उत्पादन मुख्यत्वे रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये होते. २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातनिर्बंधांमुळे हा पुरवठा काही काळ विस्कळीत झाला, तेव्हा जगभरच्या गिटारवादकांची त्रेधा उडाली. मॅकिंटॉश कंपनीने तर २०२१ मध्ये एमसी-३५०० ची ३५० वॉटचीच सुधारित आवृत्ती नव्याने बाजारात आणली.

मोठ्या सभागृहात आज ज्या भिंती दिसतात, त्यांतील बऱ्याच पेट्या केवळ देखाव्यासाठी असतात. प्रत्यक्षात एखादाच ॲम्प्लिफायर चालू असतो, त्याच्यापुढे एक माइक असतो आणि पुढचे काम वर टांगलेले स्पीकर करतात. साठीच्या दशकात मात्र ती प्रत्येक पेटी कामाची होती. शक्ती दहापट करावी तेव्हा आवाज दुप्पट होतो, हा निसर्गाचा नियम तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. त्या पिढीने तो खांद्यावरून वाहिलेल्या लोखंडाने आणि नळ्यांच्या धगीने पेलला. त्यांच्या अनुभवातून पुढील पिढ्यांनी घेण्याजोगे एवढेच, की श्रोत्यापर्यंत पोचण्यासाठी आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कोठून आणि कोणत्या दिशेने येतो, याचा विचार आधी करावा.